वास येत नाही, म्हणून चांगलं?

आजचा विषय शिळ्या भाताचा आहे. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याने स्वयंपाकघरात कशाला शिरायचं, असं कुणाला वाटेल. पण तिथे आपण रोज एक निष्कर्ष काढत असतो. रात्रीच्या भाताचं पातेलं सकाळी उघडायचं, वास घ्यायचा, तार सुटलीय का बघायचं, आणि म्हणायचं, "चांगला आहे." हा निष्कर्ष कितपत टिकतो, एवढंच आज पाहू.

कुमारिल भट्टांच्या मीमांसेत 'अनुपलब्धी' हे एक प्रमाण मानलेलं आहे. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तो तिथे नाही. मात्र त्याला अट आहे: घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आता भाताकडे या. तांदळात बॅसिलस सिरियस नावाचे जीवाणू असू शकतात. त्यांचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहीत. भात ओट्यावर रात्रभर राहिला, की त्या कोमट ओलाव्यात ते रुजतात, वाढतात आणि काही वेळा विष तयार करतात. त्याला ना वास, ना रंग. म्हणजे आपलं नाक इथे अंधारात उभं आहे.

"पण आम्ही फोडणी देऊन चांगला परततो की!" परतल्याने जीवाणू मरतात, उलट्या करवणारं विष मात्र उष्णतेला दाद देत नाही. एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. धडधाकट माणूस बहुधा दिवसभरात सावरतो. लहान मूल किंवा आपल्या वयाची मंडळी यांच्या अंगातलं पाणी कमी झालं, तर प्रकरण वाढतं.

दुसरा आक्षेप असा, की आपल्या आज्या शिळंच खाऊन जगल्या. खरंय. पण शिळी भाकरी कोरडी असते, आंबील आंबट असते. कोरडेपणा आणि आंबटपणा जीवाणूंना आवर घालतात. भातात दोन्ही नाही. शिवाय तेव्हा पोराला उलटी झाली की "नजर लागली" म्हणत, भाताचं नाव कोण घेई?

मग कशावर विसंबायचं? घड्याळावर आणि तापमानावर. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे. ५ अंशांच्या खाली किंवा ६० अंशांच्या वर जीवाणूंची वाढ मंदावते वा थांबते; धोका मधल्या पट्ट्यात. म्हणून उरलेला भात परातीत पसरून लवकर निववा, झाकून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी एकदाच वाफ येईपर्यंत गरम करून संपवा. रात्रभर बाहेर राहिलेला भात मात्र टाकावा.

इथे मन अडतं, कारण अन्न टाकू नये हा आपला संस्कार. तो चांगलाच आहे. पण त्याची किंमत कोण मोजतं, हेही विचारू या. बहुतेक घरांत शिळं घरच्या बाईच्या ताटात जातं, नाहीतर कामाला येणाऱ्या बाईंच्या डब्यात. जे आपण आपल्या नातवाला वाढणार नाही, ते दुसऱ्याला देणं हा अन्नाचा मान नव्हे. तो मान राखायचा तर तांदूळ मोजतानाच राखावा. उरलाच भात, तर झोपण्याआधी पातेलं ओट्यावर राहिलं नाही ना, एवढं पाहावं.