आइन्स्टाइन यांच्या पोटातला फुगवटा

1948च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये सर्जन रुडॉल्फ निसेन यांनी आल्बर्ट आइन्स्टाइन यांचे पोट उघडले, तेव्हा महाधमनी एका जागी फुगलेली दिसली. आजच्यासारखी कृत्रिम धमनी तेव्हा नव्हती; निसेन यांनी फुगवट्याला चक्क सेलोफेन गुंडाळले. या जुगाडावर आइन्स्टाइन सहा वर्षांहून अधिक जगले. एप्रिल 1955मध्ये धमनी फुटली आणि पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यायला त्यांनी नकार दिला.

पोटातली महाधमनी साधारण 2 सेंटिमीटर रुंद असते. 3 झाली की तिला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. पुरुषांत साडेपाचला शस्त्रक्रियेचा विचार होतो.

मग चालायचे, जिना चढायचा की नाही? फुगवटा लहान असेल तर डॉक्टरांना विचारून खुशाल. काळजी घ्यायची ती श्वास रोखून जोर लावताना. धान्याचे पोते उचलताना किंवा बद्धकोष्ठात कुंथताना रक्तदाब क्षणात उसळतो. जड वजने उचलणाऱ्यांत तो 300च्या वर गेल्याची नोंद आहे. शिवाय धमनी जितकी रुंद, तितका तोच दाब तिच्या भिंतीला अधिक ताणतो.

पण पोत्यापेक्षा विडी-सिगारेट कितीतरी घातक: फुगवटा होण्याला, वाढण्याला आणि फुटण्यालाही धूम्रपान हातभार लावते. लक्षणे बहुधा नसतातच, म्हणून ब्रिटनमध्ये पुरुषांना पासष्टाव्या वर्षी सोनोग्राफीसाठी बोलावतात.