आवाज येतोय, मग अक्षरं का येत नाहीत?

न्यूझीलंडमध्ये रेडिओ १४४.५७५ मेगाहर्ट्झवर लावून ठेवला, की अधूनमधून अर्धा-एक सेकंद खर्र असा आवाज येतो. तो बिघाड नव्हे. कुणाची गाडी कुठे पोचली, डोंगरावर वारा किती आहे, असा काहीतरी निरोप त्यात असतो. इथल्या हॅम म्हणजे हौशी रेडिओचालक मंडळींनी ही वारंवारता एपीआरएससाठी, म्हणजे स्थान आणि छोटे निरोप ‘पॅकेट’च्या रूपात पाठवण्याच्या पद्धतीसाठी, ठेवली आहे. नवा हॅम तो आवाज ऐकून खूश होतो, रेडिओ संगणकाला जोडतो, आणि पडदा कोराच राहतो. मग ठरतं: सिग्नल कमी पडतोय, मोठा अँटेना घ्या, जास्त वॅटचा रेडिओ घ्या.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. आवाज कानाला इतका स्वच्छ येत असेल, तर सिग्नल बहुधा पुरेसा असतो. बिघडलेला असतो तो आवाजाचा आकार. १२०० बॉडच्या पॅकेटमध्ये १२०० आणि २२०० हर्ट्झ असे दोन सूर असतात आणि एकातून दुसऱ्यात जाण्यातच सगळी माहिती असते. बोलण्यासाठी बनवलेला रेडिओ पाठवताना वरचे सूर उचलतो आणि ऐकताना तेवढेच दाबतो. रेडिओच्या मागच्या डेटा सॉकेटमधून न दाबलेला आवाज घेतला, तर दोन सुरांचा तोल जातो. स्पीकरच्या सॉकेटमधून घेतला आणि व्हॉल्यूम मोठा असला, तर लहरींचे माथे कापले जातात. कानाला हा फरक कळत नाही, सुरांची अक्षरं करणाऱ्या मोडेमला कळतो. म्हणून पहिलं काम व्हॉल्यूम कमी करून बघणं. ‘डायरवुल्फ’ हा मोफत मोडेम-प्रोग्रॅम आलेल्या प्रत्येक पॅकेटसोबत आवाजाची पातळी दाखवतो. ती पन्नासच्या आसपास असावी.

पाठवतानाही तेच. ‘जोरात पाठवलं की लांब जातं’ हे एफएमला लागू नाही. डेव्हिएशन, म्हणजे आवाजामुळे वारंवारता किती हलते ते, तीन किलोहर्ट्झच्या आसपास ठेवावं. त्याच्या फार वर नेलं, तर रेडिओतला लिमिटरच सूर चिरडतो आणि शेजारच्या गल्लीतलाही तुमचं पॅकेट वाचू शकत नाही.

सिग्नल नसताना स्पीकर बंद ठेवणाऱ्या स्क्वेल्चबद्दलही अशीच समजूत आहे, की तो घट्ट ठेवला की खरखर थांबते आणि काम सोपं होतं. पण स्क्वेल्च उघडायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात पॅकेटचं डोकं उडतं. आजच्या मोडेमसाठी तो पूर्ण उघडाच ठेवावा. काही जुने टीएनसी, म्हणजे रेडिओ आणि संगणक यांच्यामधले मोडेमचे डबे, मात्र नुसत्या खरखरीलाही ‘वाहिनी व्यस्त’ समजतात आणि मग कधी पाठवतच नाहीत. तिथे तो बंद ठेवावा लागतो. पाठवणाऱ्या बाजूला याचं भावंड म्हणजे टीएक्सडिले, पॅकेट सुरू होण्याआधी थांबण्याची वेळ. त्यात ३० लिहिलं म्हणजे ३० मिलिसेकंद नव्हे, ३००. रेडिओला पाठवण्याच्या स्थितीत स्थिर व्हायला तेवढा वेळ द्यावा, आणि चाललं की हळूहळू कमी करत आणावा.

वॅटचं काय? पाचाचे दहा केले, तर फक्त तीन डेसिबल मिळतात. उंची त्याहून फार मोठं काम करते. क्राइस्टचर्चजवळच्या बँक्स पेनिन्सुलावरचा माउंट हर्बर्ट ९२० मीटरच्या आसपास आहे. त्याच्या माथ्यावरून रेडिओचं क्षितिज सुमारे १२५ किलोमीटरवर पडतं. हातात सेट घेऊन सपाटीवर उभ्या असलेल्या माणसाचं सहा किलोमीटरच्या आत. पण मध्ये कडा आला, की पन्नास वॅटही थिटे पडतात. सह्याद्रीच्या घाटात ज्याच्या फोनचा सिग्नल हरवला आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

याच भूगोलातून आणखी एक दुखणं येतं. दोन खोऱ्यांतली दोन केंद्रं डोंगरावरच्या डिजिपीटरला, म्हणजे ऐकलेलं पॅकेट पुन्हा पाठवणाऱ्या केंद्राला, ऐकतात, एकमेकांना ऐकत नाहीत. दोघांनाही वाहिनी मोकळी वाटते, दोघं एकदम पाठवतात आणि माथ्यावर दोन्ही पॅकेटं धडकतात. अशा वेळी ‘पुन्हा प्रयत्न’ वाढवणं म्हणजे गर्दीत आणखी माणसं ढकलणं. प्रयत्नांमधली थांबण्याची वेळ वाढवावी आणि पॅकेट लहान करावं. पॅकेटच्या एएक्स.२५ या नियमावलीत एक बिट जरी चुकला, तरी अख्खं पॅकेट टाकून दिलं जातं. समजा दर २००० बिटांमागे एक चुकतोय. मग २५६ बाइटांचं पॅकेट तिनांत एकदाच धड पोचेल, ६४ बाइटांचं दहांत सात वेळा.

‘मध्ये डिजिपीटर वाढवले की जोडणी पक्की’ हेही चूक. डिजिपीटर पोच देत नाही, पोच शेवटच्या टोकाकडूनच यावी लागते. दोन डिजिपीटर म्हणजे जाऊन-येऊन सहा टप्पे. प्रत्येक टप्पा दहांत नऊ वेळा साधला, तरी पूर्ण फेरी जेमतेम निम्म्या वेळा साधते. नेटरॉमसारख्या नोडवर पोच टप्प्याटप्प्याने मिळते, म्हणून लांबच्या जोडणीला तेच बरं. एपीआरएसच्या स्थानदर्शक पॅकेटला तर पोचच नसते. पाठवलं म्हणजे पोचलं, असं कधीच धरू नये.

‘टीएनसी मेला’ म्हणून तो टाकून देण्याआधी एक बघा. किस मोडमध्ये, म्हणजे फक्त संगणकाची पॅकेटं पुढे नेण्याच्या स्थितीत, अडकलेला टीएनसी टाइप केलेल्या आज्ञांना अजिबात उत्तर देत नाही. १९२, २५५, १९२ हे तीन बाइट पाठवले की बहुतेक टीएनसी शुद्धीवर येतात. आणि संगणक ते टीएनसी हा वेग ९६०० असून हवेतला १२०० असला, तरी काही बिघडत नाही. ते दोन वेगळे रस्ते आहेत. पाठवताक्षणी संगणक गोठत असेल, तर रेडिओलहरी यूएसबीच्या वायरीत शिरताहेत. वायरीला फेराइटचं कडं लावून बघावं.

हा सगळा खटाटोप मला मनापासून मोलाचा वाटतो, त्याला न्यूझीलंडचा इतिहासही कारण आहे. ३ फेब्रुवारी १९३१ ला भूकंपाने नेपियर शहर उद्ध्वस्त झालं, तेव्हा बातमी बाहेर गेली ती बंदरातल्या ‘व्हेरॉनिका’ या युद्धनौकेच्या रेडिओवरून. त्या अनुभवातून पुढच्याच वर्षी हौशी रेडिओचालकांची आणीबाणीसाठीची संघटना उभी राहिली. आज ती एआरईसी म्हणून काम करते. फेब्रुवारी २०२३ मध्ये गॅब्रिएल चक्रीवादळाने नेपियरच्याच हॉक्स बे भागातले मोबाइल टॉवर बंद पाडले. तसा दिवस उजाडल्यावर व्हॉल्यूम, स्क्वेल्च, टीएक्सडिले जुळवत बसायला वेळ नसतो. ते आजच, एका वेळी एकच गोष्ट बदलून, प्रत्येक बदल वहीत टिपून करायचं.