भोंगा थांबला, गाणी थांबू नयेत

मार्च २०२० च्या टाळेबंदीत अचलपूर-परतवाड्याची फिनले मिल थांबली. पगार गेला हे सर्वांना दिसले. वस्तीची गाणी, आठवणीही विरत आहेत, ते कोणी मोजत नाही.

ही गाणी आपल्यासाठी का महत्त्वाची? मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाची सबब. जास्त मजुरीचे काम असे बंद राहिले. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा तो मागण्यांच्या यादीत आला. जात गिरणीच्या दाराबाहेर राहत नव्हती, हे यावरून कळते. पुढे भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी जलशांतून कष्टकऱ्यांपर्यंत आंबेडकरी विचार नेला. कागदावर न आलेले बरेच काही अशा गाण्यांत, ओव्यांत आणि आठवणींत टिकते.

आपल्या भागात कोणते खाते कोणाच्या वाट्याला आले? पाळी सुटल्यावर कोणती भजने, भीमगीते होत? हे सांगणारे आजी-आजोबा अजून आहेत. या रविवारी मोबाईल घेऊन त्यांच्याजवळ बसा. परवानगी घ्या, आवाज साठवा; नाव, खाते आणि साल लिहा. गाणे अर्धेच आठवले, तरी अर्धे जपा.

जय भीम!