टरफलांचा चुना, तळणीचं डिझेल

तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात ध्रुवीय संयुगं साचत जातात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल खाण्यात वापरू नये, असा नियम एफएसएसएआय या भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केला. त्याच वर्षी १० ऑगस्टला, म्हणजे जागतिक जैवइंधन दिनी, असं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्यासाठी ‘रुको’ हा उपक्रमही सुरू झाला.

तेलाच्या रेणूत ग्लिसरीनला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. म्हणून तेल दाट. इंजिनात त्याचा बारीक फवारा होत नाही. ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मिथेनॉलबरोबर ते घुसळलं की साखळ्या सुटून मिथेनॉलला चिकटतात. हे झालं बायोडिझेल. जड ग्लिसरीन तळाशी बसतं.

हे घडवायला उत्प्रेरक लागतो. कारखान्यात सहसा कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश वापरतात. स्वस्त आणि झटपट; पण तो द्रवात विरघळतो, परत मिळत नाही आणि इंधन धुण्यात बरंच पाणी जातं. इथे अंड्याची टरफलं कामी येतात. त्यांचा ९० टक्क्यांहून अधिक भाग कॅल्शियम कार्बोनेटचा. ८०० ते ९०० अंशांवर भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो कळीचा चुना. तो घन असल्यामुळे गाळून पुन्हा वापरता येतो. बुर्जीच्या गाडीमागचा कचरा एवढ्या कामाचा असावा, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

तरी चुन्याची दुखणी आहेत. उघडा राहिला तर तो हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषून निकामी होऊ लागतो. थोडं कॅल्शियम इंधनातही उतरतं. युरोपीय मानकात तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून किलोमागे ५ मिलिग्रॅमच चालतं. म्हणजे शुद्धीकरण पुरतं टळत नाही. शिवाय भट्टीची उष्णता हिशेबात धरावीच लागते.

खरी अडचण मात्र तेलातच आहे. जास्त तापलेल्या, पाणी उतरलेल्या तेलात मोकळी मेदाम्लं वाढतात आणि चुन्याशी जुळून त्यांचा साबण होतो. मग आधी आम्लाची प्रक्रिया करून ती कमी करावी लागतात. तेल जितकं जास्त रापलेलं, तितका हा खर्च मोठा. म्हणून माझ्या मते उत्प्रेरकाच्या संशोधनाइतकंच लक्ष संकलनाकडे हवं: मोठ्या हॉटेलातलं तेल एखाद्या लहान गाडीच्या कढईत जाण्याआधी गोळा व्हायला हवं आणि त्याला तिथल्यापेक्षा चांगला भाव मिळायला हवा.