शंभर मीटरच्या खाली

घरात बांधाबांध चालू आहे. एकतीस वर्षांनी दिल्ली सोडून साताऱ्याला परतायचं, तर काय न्यायचं आणि काय भंगारात घालायचं यावर रोज वाद. काल त्यात एक जुनी हार्ड डिस्क निघाली. 2010 ते 2020 या दहा वर्षांतल्या सकाळच्या फेऱ्यांचे अडतीस हजार फोटो. बायकोने विचारलं, "यात माणसं किती?" फार तर चाळीस भरतील, आणि त्यातली निम्मी पाठमोरी.

डिस्क लावून बसलो, पण आठवणींत रमायला नव्हे. डोकं फिरलेलं होतं. आजूबाजूच्या जमिनीपासून शंभर मीटर किंवा त्याहून जास्त उठेल तोच अरवलीचा डोंगर, ही व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने 20 नोव्हेंबर 2025 ला मान्य केली. 29 डिसेंबरला न्यायालयानेच त्या निर्णयाला स्थगिती दिली, हे खरं. पण मोजपट्टी बाहेर आली ती आलीच. अडतीस हजारांतला एकही फोटो काढायला मी शंभर मीटर चढून गेलेलो नाही. माझ्या गुडघ्यांची साक्ष काढा.

कबूल करायला हवं, ही मोजपट्टी आधी माझ्याच खिशात होती. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेला माणूस अरवलीला डोंगर कशाला म्हणेल? 1994 मध्ये आलो आणि सोळा वर्षं रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली. ब्लूलाइन बस, कार्यालय, गणपतीतली मराठी नाटकं, एक बढती, दोन बदल्यांची हूल. कधीतरी बसच्या खिडकीतून दिसणारा रिज, म्हणजे दिल्लीत शिरलेलं अरवलीचं टोक, माझ्या लेखी टेकाडावरची काटेरी झुडपं. त्या वर्षांबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

2010 मध्ये गुडगावला राहायला गेलो (गुरुग्राम ते 2016 मध्ये झालं, माझ्या तोंडात अजून बसलेलं नाही). त्याच वर्षी 5 जूनला तिथलं अरवली जैवविविधता उद्यान सुरू झालं. उद्यान म्हणून बघायला गेलो आणि फसलो. जुन्या दगडखाणींचे खड्डे, उघडे कडे आणि जिकडेतिकडे विलायती किकर. इंग्रजांच्या काळात आणून लावलेला आणि मग कोणाला न जुमानणारा. त्या खड्ड्यांत शहरातली हौशी मंडळी आणि जाणकार मिळून धौ, सालई, पळस, खैर अशी इथलीच झाडं वाढवत होते. दोनेक वर्षं मला त्यातलं काही कळलं नाही. मी धनेशाच्या मागे धावत होतो.

डोळे उघडले ते फळाने. 2013 चा मे महिना असावा. एका जालाच्या झाडाखाली जवळच्या गावातली एक म्हातारी ओढणीत काहीतरी गोळा करत होती. मिरीपेक्षा थोडी मोठी, पिवळसर, आतलं बी दिसावं इतक्या पातळ सालीची फळं. पिलू. मी कॅमेरा लावला. ती म्हणाली, "इसकी के फोटो? यो तो जाल सै." मग मूठ पुढे केली. मी शिष्टासारखं एकच उचललं. गोडसर लागलं आणि पाठोपाठ जीभ मोहरीसारखी चुरचुरली. म्हातारी हसली. "एक-एक ना खाइये, जीभ फूटैगी. मुट्ठी भर के खा." मूठभर एकदम तोंडात टाकले तर खरंच गोड. का, ते विचारू नका.

त्यानंतर माझं वर्ष फळांवर चालू लागलं. मे महिन्यात पानांशिवाय उभ्या असलेल्या केराला, म्हणजे आपल्या नेपतीला, लाल फळं. जूनमध्ये पिकून चिकट झालेली भोकरं. पावसाबरोबर जांभळं. थंडीत झडबेरीची बोरं, हरभऱ्याएवढी. ती खाताना बोटांना ओरखडे पडले नाहीत तर खाल्ली नाहीत असं समजावं. करवंदाच्या बाबतीत मात्र दिल्लीशी माझं कधीच जमलं नाही. इथे करौंदा म्हणजे गुलाबी-पांढरं आंबट फळ, हिरव्या मिरचीबरोबर परतायचं. डोंगराच्या काळ्या मैनेची सर त्याला सात जन्मांत यायची नाही.

नावं शोधायचं कामही तेव्हाच लागलं. पक्षी हिंदीत भेटायचा, फळ हरियाणवीत, आणि मला तर दोन्ही मराठीत हवी असायची. मारुती चितमपल्लींचा पक्षीकोश उशाशी होता. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार म्हणणारा माणूस असल्यावर भाषेची चणचण कसली? पद्मश्री मिळाली त्याच वर्षी, 18 जून 2025 ला ते गेले. इकडच्या माझ्या मराठी मित्रांपैकी एकाने मेसेज पाठवला, "वाघवाले होते ना ते?" त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

हिशेब चुकते करायचेच तर पहिला लेन्सवाल्यांशी. पावसाच्या तोंडावर नवरंग यायचा. नुसती शीळ ऐकू आली तरी तासभर बसून राहावं असा पक्षी. तर हे महाशय मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवून त्याला उघड्यावर काढायचे, बिचारा आपल्या हद्दीत दुसरा कोण घुसला म्हणून भांडायला यायचा आणि यांची बोटं दाबली जायची. दुसरा हिशेब आमच्या सोसायटीच्या कमिटीशी. पार्किंगमधलं भोकराचं झाड गाड्यांवर फळं टाकतं म्हणून 'छाटणी' झाली. बुंध्यापासून. आदल्या वर्षी त्याच भोकरांचं लोणचं अध्यक्षांच्या घरी गेलं होतं, आमच्याच घरून.

तिसरा हिशेब माझा मला. 2016 मध्ये खाणीच्या कड्यावर शृंगी घुबडाचं घरटं दिसलं. घरटं कसलं, कपारीतला सपाट दगड आणि त्यावर बसलेली मादी. नारिंगी डोळे, हलायचं नाव नाही. आठवडाभर कोणाला बोललो नाही. मग एका रविवारी ग्रुपवर फोटो टाकला, आणि 'कुठे?' विचारल्यावर जागाही सांगितली. कौतुक हवं होतं, दुसरं काय. पुढच्या शनिवारी तिथे वीसेक तिपाया उभ्या होत्या. त्यानंतरच्या आठवड्यात कपार रिकामी. ते फोटो डिस्कमध्ये आहेत, काल ते मी भराभर पुढे ढकलले.

2020 नंतर गुडघे बोलू लागले आणि फेऱ्या सोसायटीच्या आवारातच संपू लागल्या. 2022 मध्ये त्या उद्यानाला अधिकृत दर्जा मिळाला: अभयारण्यांसारख्या संरक्षित क्षेत्रांच्या बाहेर राहूनही जैवविविधता जपणारं देशातलं पहिलं ठिकाण. पेपरात वाचलं तेव्हा घरी शिरा केला होता. जिथे खाणी थांबवून असं जंगल उगवतं, तिथे तीन वर्षांनी 'किती उंच?' हा प्रश्न निघावा, आणि त्या प्रश्नात केर, जाल, झडबेरी यांना जागाच नसावी. ती काही फार उंच होत नाहीत. उद्यानाशेजारच्या पठाराचं कुंपण कधी सरकतं, हेच आता वाचायचं उरलं आहे, तेही साताऱ्यात बसून.

तिथल्या बैठकीत लावायला एकच फोटो छापायचा असं ठरलं. मी नवरंग काढून ठेवला होता. बायकोने 2014 चा एक निवडला, ज्याला ती दहा वर्षं 'तुमचा खडीचा फोटो' म्हणून चिडवत आली आहे. खाणीतली करडी-तपकिरी खडी, चौकट भरून, बाकी काही नाही. म्हणजे आहे; मधोमध एक रातवा डोळे मिटून बसला आहे. "येणाऱ्या-जाणाऱ्याला शोधू दे," ती म्हणाली. काल मलाही तो सापडायला दोन मिनिटं लागली.