परदेशातले घर आणि इथले ब्लडप्रेशर

रक्तदाब वाढण्याची कारणे आम्ही डॉक्टर मंडळी नेहमीच सांगत असतो. जास्त मीठ, वाढलेले वजन, तंबाखू, बैठे काम, आनुवंशिकता. या यादीत मला आता आणखी एका कारणाची भर घालावीशी वाटते. ते म्हणजे मुलाचे किंवा मुलीचे इंग्लंडमधील घर! वाचकांना ही थट्टा वाटेल. पण आपल्या गावातून इंजिनिअर, नर्स, डॉक्टर होऊन तिकडे गेलेली मुले चार-पाच वर्षांनी भाड्याच्या घराला कंटाळतात आणि स्वतःचे घर पाहू लागतात. इथे आई-वडील प्रॉव्हिडंट फंडातले चार पैसे बाजूला काढतात. आणि मग काही महिने दोन्हीकडच्या झोपा उडतात.

एका निवृत्त मुख्याध्यापकांचे उदाहरण सांगतो. गेली पाच वर्षे एका गोळीवर त्यांचा रक्तदाब १३०/८० च्या आसपास असे. एके दिवशी तो १७२/१०० निघाला. गोळी चुकली नव्हती, लोणचे-पापडही वाढले नव्हते. शेवटी त्यांच्या पत्नीने सांगितले, "डॉक्टर, हे रात्री एक-एक वाजेपर्यंत फोनची वाट पाहत बसतात." मुलाने इंग्लंडमध्ये घर ठरवले होते, भाव ठरला होता, आणि अडीच महिन्यांनी मालकाने जास्त पैसे देणाऱ्या दुसऱ्यालाच ते देऊन टाकले. गुरुजींचा सवाल होता, "शब्द फिरवणाऱ्याला कोर्टात खेचता येत नाही का?" तिथल्या कायद्याप्रमाणे येत नाही, हे माझे उत्तर त्यांना पटेना. म्हणून ही पद्धत आज थोडी समजावून घेऊ. मी वकील नाही. पण माझे काही वर्गमित्र तिकडे स्थायिक आहेत आणि त्यांनीही हे भोगले आहे. रोग समजला की निम्मी भीती जाते, हा माझा अनुभव आहे.

बोली झाली, करार नाही

आपल्याकडे घराचा भाव ठरला की लगेच इसार दिला जातो. मग साठेखत, मग खरेदीखत. इसार दिला की दोन्ही बाजू काही प्रमाणात बांधल्या जातात. इंग्लंड आणि वेल्समध्ये भाव ठरतो तेव्हा काहीच बांधले जात नाही. जमीन-घराच्या विक्रीचा करार लेखी आणि दोन्ही पक्षांच्या सह्यांचा असला पाहिजे, असा तिथे १९८९ चा कायदा आहे. या लेखी करारांची अदलाबदल होते, तेव्हा घेणारा साधारणपणे किमतीच्या १० टक्के रक्कम भरतो. तिथून पुढे माघार घेणाऱ्याला भुर्दंड बसतो. बोली आणि ही अदलाबदल यांच्यामध्ये दोन-तीन महिने सहज जातात, कधी त्याहूनही जास्त. या काळात बँक कर्जाची छाननी करते, सर्व्हेअर घराची तपासणी करतो, सॉलिसिटर कागदपत्रे पाहतो.

याच मधल्या काळात एखादा तिसरा माणूस जास्त भाव घेऊन येतो आणि मालक त्याच्याकडे वळतो. याला तिकडे 'गॅझम्पिंग' म्हणतात. घर विकणारा एजंट मालकाने नेमलेला असतो. मालकाने वेगळे सांगितले नसेल, तर करार होईपर्यंत आलेला प्रत्येक देकार मालकाला कळवणे हे त्याचे कर्तव्यच असते. म्हणजे एजंट गोड बोलला तरी तो आपल्या मुलाचा माणूस नव्हे. याच्या उलटही घडते. करार तोंडावर आला असताना घेणारा अचानक भाव पाडून मागतो. त्याला 'गझंडरिंग' म्हणतात. दोन्हीही कायद्याने गुन्हा नाहीत.

स्कॉटलंडची रीत वेगळी आहे. तिथे दोन्हीकडचे सॉलिसिटर पत्रांनी व्यवहार बांधून टाकतात आणि २००८ पासून घराचा तपासणी-अहवाल बहुतेक ठिकाणी विकणाऱ्यालाच आधी तयार ठेवावा लागतो. त्यामुळे तिथे हा प्रकार बराच कमी आहे.

घरांची साखळी

दुसरा त्रास साखळीचा. समजा, आपला मुलगा एका कुटुंबाचे छोटे घर घेतो आहे. ते कुटुंब त्या पैशातून मोठे घर घेणार आहे. मोठ्या घराचे मालक म्हातारपणासाठी लहान बंगला पाहत आहेत. बंगल्याचा मालक आणखी कुठे तरी जाणार आहे. हे सर्व व्यवहार सहसा एकाच दिवशी पुरे व्हावे लागतात. आपल्या दहीहंडीचे थर डोळ्यांसमोर आणा. कोणत्या तरी थरातला एक गडी निसटला की सगळा मनोरा खाली येतो. चौथ्या घरातल्या माणसाचे कर्ज नामंजूर झाले, कुणाचा घटस्फोट झाला, कुणी वारले, तर ज्याचा त्या माणसाशी काडीचा संबंध नाही अशा आपल्या मुलाचे घर जाते. त्यात मुलाचा दोष नसतो, हे आई-वडिलांनी पक्के ध्यानात ठेवावे. "तुला व्यवहारच कळत नाही" हे वाक्य फोनवर उच्चारू नये.

शरीरात काय होते?

१९६७ साली होम्स आणि राही या दोन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातील ४३ घटनांना ताणाप्रमाणे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, मोठ्या गृहकर्जाला ३१, घर बदलण्याला २०. एकेक आकडा लहान दिसतो, पण घर घेताना हे सर्व एकदम येते. त्यात अनिश्चितता असते. २०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ४५ जणांवर एक प्रयोग केला. त्यांना हाताला विजेचा सौम्य पण दुखणारा झटका बसण्याची शक्यता कमी-जास्त करण्यात आली. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना जेवढा ताण आला, त्याहून जास्त ताण 'बसेल की नाही' हे निम्मे-निम्मे असताना आला. घर गेले हे कळल्यावर माणूस रडतो आणि सावरतो. पण घर जाते की राहते या घोळात तो दिवसेंदिवस झिजतो.

अशा वेळी शरीरात अॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये वाढतात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, मधुमेह्याची साखर वाढते, पित्त होते, झोप मोडते. माणूस चहा आणि तंबाखू वाढवतो, फिरणे सोडतो. म्हणजे ताणाने जे नुकसान होते, त्यात आपण स्वतःच्या हाताने भर घालतो.

मुलांना काय सांगावे?

अनिश्चितता पूर्ण घालवता येत नाही, पण कमी करता येते. कर्जाची प्राथमिक मंजुरी आणि सॉलिसिटर घर पाहण्याआधीच तयार ठेवावा. जितका मधला काळ लहान, तितका तिसऱ्या माणसाला वाव कमी. भाव ठरताच घर विक्रीच्या जाहिरातीतून काढायला सांगावे. साखळीत किती घरे आहेत हे पहिल्याच दिवशी विचारावे. रिकामे किंवा साखळी नसलेले घर मिळाल्यास उत्तम. ठराविक दिवस मालकाने दुसऱ्याशी बोलणी करू नयेत असा 'लॉक-आउट' करार करता येतो. १९९३ साली तिथल्या अपील न्यायालयाने असा करार ग्राह्य धरला. त्याने घर मिळेलच असे नाही, पण शब्द मोडल्यास भरपाई मागता येते. व्यवहार फिसकटल्यास सर्व्हे आणि सॉलिसिटरचा खर्च भरून देणारा विमाही मिळतो. त्याच्या अटी मात्र आधी वाचाव्यात. आपण किती भावापर्यंत जायचे तो आकडा शांत डोक्याने आधीच कागदावर लिहून ठेवावा. चुरशीच्या भरात तो ओलांडू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने ही पद्धत सुधारण्याचे प्रस्ताव लोकांपुढे मांडले. पण त्यांच्या भरवशावर आज कुणी बेसावध राहू नये.

आई-वडिलांनी काय करावे?

पहिली गोष्ट, करार होण्याआधी घर हातचे गेले तर आपली पुंजी बुडत नाही. बुडतो तो तपासणीचा आणि वकिलीचा खर्च. गुरुजींना ही एक गोष्ट समजली तेव्हा त्यांचा चेहरा पालटला. मुलाला दिलेले सर्वच पैसे गेले असे ते धरून बसले होते! पैसे पाठवण्याआधी चार्टर्ड अकाउंटंटला विचारावे आणि बँकेचे कागद जपून ठेवावेत, कारण पैसे कुठून आले हे तिथला सॉलिसिटर विचारतोच. ई-मेलने खाते क्रमांक बदलल्याचे कळवून फसवणारेही असतात. म्हणून रक्कम भरण्यापूर्वी मुलाने सॉलिसिटरला आधीपासून माहीत असलेल्या नंबरावर फोन करून खात्री करावी.

दुसरी गोष्ट फोनची. आपले घड्याळ इंग्लंडच्या हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास पुढे असते. मुलाने संध्याकाळी सात वाजता फोन केला की इथे मध्यरात्र झालेली असते. त्याऐवजी त्याच्या सकाळी साडेसातचा फोन ठरवावा. आपल्याकडे तेव्हा दुपारचे बारा किंवा एक वाजलेला असतो. आठवड्यातून दोन दिवस पुरे. रात्री दहानंतर घराचा विषय बंद.

तिसरी गोष्ट, रक्तदाबाची गोळी स्वतः वाढवू नये आणि थांबवूही नये. रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको; पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसावे. सकाळ-संध्याकाळचे आकडे आठवडाभर वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावेत. झोपेसाठी शेजाऱ्याच्या पुडीतली अल्प्राझोलाम मुळीच घेऊ नये. तिची सवय लागते, आणि वयस्कर माणूस रात्री उठताना पडून खुब्याचे हाड मोडून घेतो. त्यापेक्षा रोज अर्धा तास चालावे.

केव्हा थांबू नये?

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूची शक्ती जाणे, यांपैकी काहीही झाले तर 'टेन्शनमुळे असेल' म्हणून घरी बसू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा. रक्तदाब १८०/१२० किंवा त्यावर असेल तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दोन आठवडे झोप, भूक, उत्साह हरपला असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे मोकळेपणाने बोला. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मराठीतही मिळते. इंग्लंडमधल्या मुलांनाही तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत बोलून उपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडे स्वतःहून नाव नोंदवता येते.

घर आज ना उद्या होईल. ते पाहायला, त्याच्या दाराला तोरण बांधायला आपण धडधाकट असणे जास्त महत्त्वाचे. तेव्हा मुलाशी पुढच्या वेळी बोलताना घराची चौकशी शेवटी करा, आधी विचारा, "जेवलास का? झोप झाली का?"