विहिरीत पेट्रोल, अहवालात शून्य

जळगावजवळचं असोदा म्हणजे कवयित्री बहिणाबाईंचं माहेर आणि भरताच्या वांग्यांचं गाव. वांग्याला पाणी विहिरीचं, नाहीतर बोअरचं. समजा, अशा गावात एखाद्या विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येऊ लागला. कोणीतरी रिकामी प्लास्टिकची बाटली उचलतो, दोनदा विसळतो, मोटर चालू करून भरून घेतो आणि प्रयोगशाळेत पोचवतो. अहवालात जडपणा, क्षार, नायट्रेट, फ्लोराइड सगळं येतं. पेट्रोलचं नाव नसतं.

प्रयोगशाळा खोटं बोलत नाही. तिला जे विचारलं, तेच तिनं सांगितलं. नेहमीच्या पिण्याच्या पाण्याच्या तपासणीत बेंझिन, टोल्युइन, झायलीन मोजत नाहीत; जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना ज्या किट दिल्या, त्याही यासाठी नाहीत. ही तपासणी नाव घेऊन मागावी लागते. शिवाय मागूनही उपयोग नाही, जर पेट्रोल वाटेतच उडून गेलं असेल.

हा प्रश्न कागदावरचा नाही. जून 2021 मध्ये सातारा जिल्ह्यातल्या सासवड गावात (पुरंदरचं सासवड वेगळं) मुंबईहून पुणे-सोलापूरकडे जाणारी इंधनवाहिनी चोरट्यांनी फोडली. दोन हजार लिटरहून जास्त पेट्रोल जमिनीत मुरलं, जवळच्या विहिरींत उतरलं आणि उभी पिकं गेली. तिथं निदान सगळ्यांना दिसलं तरी. पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गंजून थेंब थेंब गळते, तेव्हा काहीच दिसत नाही.

नाकावर किती विसंबावं? टोल्युइन आणि झायलीनचा वास थोडक्यातही येतो, म्हणून वास आला तर तो पुरावा समजा. बेंझिनचं मात्र उलट आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम ठेवली आहे आणि पाण्यात त्याचा वास जाणवतो तो सुमारे 10 मिलिग्रॅमला. हजारपट. बेंझिननं रक्ताचा कर्करोग होतो, तेव्हा ‘वास नाही म्हणजे पाणी चांगलं’ हे म्हणणं महागात पडू शकतं.

नमुना घेताना मोटर आधी चालवायची नाही. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगतं. म्हणून वरच्या थरात पारदर्शक नळी हळूच सोडून तवंग आहे का, किती जाड आहे, ते बघतात. विरघळलेल्या भागासाठी लागते 40 मिलिलिटरची काचेची छोटी कुपी. झाकणाला आतून टेफ्लॉनचं अस्तर आणि तळाशी आम्लाचे थेंब, जीवाणूंनी नमुना खाऊ नये म्हणून. पाण्याची बाटली विसळायची आपली जुनी सवय इथं घात करते, कारण विसळली की आम्ल गेलं. कुपी काठोकाठ, पाणी फुगून वर येईपर्यंत भरायची, झाकण लावून उलटी करून टिचकी मारायची. हवेचा बुडबुडा दिसला तर नमुना बाद. बेंझिन त्याच बुडबुड्यात जाऊन बसतं. मग बर्फात, 4 अंशांच्या आसपास ठेवून 14 दिवसांच्या आत तपासणी. आणि हो, नमुने गाडीत असताना वाटेत पेट्रोल भरायला थांबू नये. जाणकार त्यासाठी शुद्ध पाण्याची एक कुपी सोबत नेऊन परत आणतात. तिच्यात पेट्रोल निघालं तर दोष विहिरीचा नाही, प्रवासाचा.

एका विहिरीवर भागत नाही. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत प्रदूषण पाण्याच्या उताराबरोबर हळूहळू सरकतं. काळ्या पाषाणात ते भेगा धरून जातं, त्यामुळे पंपाशेजारची विहीर स्वच्छ आणि लांबची बाधलेली, असंही होतं. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की पेट्रोल मधल्या थराला चिकटून बसतं, पावसाळ्यात पुन्हा वर येतं. म्हणून तुलनेसाठी उताराच्या वरच्या अंगाची एक विहीरही तपासावी आणि वर्षातून दोनदा तपासावं.

वास आला तर विहिरीत उतरू नका, काडी ओढू नका, मोटरचं बटण दाबू नका. वाफेला ठिणगी पुरते. उकळून पाणी शुद्ध होईल हाही भ्रम सोडा. वाफ घरभर होईल. ग्रामपंचायतीमार्फत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जळगाव कार्यालयाला आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला लेखी कळवा, आणि अर्जात ‘पाणी तपासणी’ एवढंच न लिहिता बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन, झायलीन ही चार नावं लिहा.